दरवर्षी श्रावणात पिवळी पडणारी हिरवळ: चुना आणि खत यांच्या वेळांचा घोळ

कोकणात घरापुढे हिरवळ राखणाऱ्या अनेकांची एकच तक्रार असते, आणि ती दरवर्षी त्याच महिन्यात येते. मे महिन्यात चुना टाकला, त्याच आठवड्यात खतही टाकले, पाऊस सुरू झाल्यावर दहा-पंधरा दिवस गवत हिरवेगार झाले, आणि श्रावण लागेपर्यंत ते फिकट पोपटी होऊन मग पिवळे पडले. मध्ये मध्ये लव्हाळा उठला, सावलीच्या बाजूला शेवाळ धरले. गणपतीला पाहुणे येण्याआधी घाईघाईने पुन्हा युरिया टाकला, आठवडाभर रंग आला आणि पुन्हा गेला. पुढच्या वर्षी चुना कमी पडला असे समजून तो दुप्पट टाकला, तरीही तेच झाले.

रत्नागिरीजवळच्या आमच्या घरापुढे सुमारे ६०० चौरस फुटांची हिरवळ आहे. जांभ्याचा कातळ फोडून, त्यावर तांबडी माती पसरून ती केलेली आहे आणि गवत हरळीच्या जातीचे, म्हणजे रोपवाटिकेत ‘सिलेक्शन वन’ या नावाने मिळते ते आहे. वर सांगितलेला प्रकार मी या हिरवळीत सलग चार वर्षे केला. चौथ्या वर्षी संध्याकाळी ओलसर जमिनीवर चुन्याची फक्की टाकून लगेच अमोनियम सल्फेट फेकत असताना नाकाला झोंबणारा उग्र वास आला, आणि तेव्हा कुठे माझ्या लक्षात आले की पैसे देऊन आणलेले नत्र (नायट्रोजन) माझ्या डोळ्यांदेखत हवेत चालले आहे. त्यानंतर मी चुना किंवा खत यांपैकी काहीही वाढवले नाही. केवळ दोन्हींच्या वेळा आणि प्रकार बदलले, आणि तक्रार दोन वर्षांत संपली. त्या वेळा कशा ठरवायच्या, हे येथे सविस्तर लिहीत आहे.

आधी हीच अडचण आहे याची खात्री करावी

गवत पिवळे पडण्याची कारणे अनेक आहेत आणि त्यांतल्या निम्म्यांचा चुन्याशी संबंध नाही, म्हणून आधी पात्याकडे नीट पाहावे. जुनी, खालची पाती आधी पिवळी पडत असतील आणि सगळी हिरवळ सारखीच फिकट दिसत असेल, तर ती बहुधा नत्राची कमतरता असते, आणि हा लेख त्याच अवस्थेविषयी आहे. याउलट नवी, शेंड्याकडची पाती पिवळी पडून त्यांच्या शिरा मात्र हिरव्या राहत असतील, तर तेथे लोह कमी पडत आहे. ही अवस्था चुना जास्त झाल्यानेच येऊ शकते, म्हणून तेथे आणखी चुना टाकणे घातक ठरते. गवत ठरावीक जागी वाळत असेल आणि हाताने ओढल्यावर चटईसारखे सहज उचलले जात असेल, तर खाली हुमणीच्या अळ्या आहेत का ते पाहावे. पावसाळ्याच्या मध्यावर त्या मुळे खातात आणि त्यावर कोणत्याही खताचा उपयोग होत नाही.

शेवाळाविषयी एक गैरसमज पक्का बसलेला आहे. शेवाळ दिसले म्हणजे माती आम्ल झाली, असे मानून लोक चुना टाकतात. शेवाळाला मुख्यतः सावली, सतत ओल आणि दाबली गेलेली माती मानवते. आम्ल मातीत गवत अशक्त होते म्हणून त्याची जागा शेवाळ घेते हे खरे, परंतु आंब्याच्या दाट सावलीत चुना टाकून शेवाळ जात नाही. तेथे फांद्या विरळ कराव्या लागतात आणि पाण्याला वाट काढून द्यावी लागते.

नव्या घरांच्या बाबतीत आणखी एक गोष्ट तपासावी. भिंतीला लागून असलेल्या दोन-तीन फुटांच्या पट्ट्यात प्लास्टरचा आणि सिमेंटचा राडारोडा मातीत मिसळलेला असतो, आणि त्यामुळे मुळात आम्ल असलेल्या मातीतही तो पट्टा अल्कधर्मी होतो. आमच्या पायरीजवळचे गवत उरलेल्या हिरवळीपेक्षा वेगळ्या प्रकारे पिवळे होत असे, त्याचे कारण हेच निघाले. म्हणून मातीचा नमुना घेताना असा पट्टा वगळावा आणि चुना टाकतानाही वगळावा.

कोकणातली माती पुन्हा पुन्हा आम्ल का होते

रत्नागिरीसारख्या ठिकाणी वर्षाला ३००० मिलिमीटरहून अधिक पाऊस पडतो आणि तो जवळजवळ सगळा चार महिन्यांत पडतो. एवढे पाणी जांभ्यावरच्या निचऱ्याच्या मातीतून खाली जाताना कॅल्शियम, मॅग्नेशियम आणि पोटॅश धुऊन नेते. मागे लोह आणि ॲल्युमिनियम यांची संयुगे उरतात. मातीची आम्लता ज्या आकड्यात मोजतात त्या सामूचे प्रमाण अशा जमिनीत साधारणपणे ५ ते ६.५ यांच्या दरम्यान सापडते. सामू ७ म्हणजे उदासीन, आणि त्याखाली एक अंक उतरला की आम्लता दहा पटींनी वाढते, हे लक्षात घेतले म्हणजे ५.२ आणि ६.२ यांतला फरक किती मोठा आहे ते कळते. हरळीवर्गीय गवताला ६ ते ७ हा सामू मानवतो. त्याहून आम्ल मातीत दिलेले स्फुरद (फॉस्फरस) लोह आणि ॲल्युमिनियम धरून ठेवतात, आणि मातीत विरघळलेल्या ॲल्युमिनियममुळे मुळांची वाढही खुंटते.

पावसाचे काम एवढ्यावर संपत नाही, कारण आपण टाकलेले खत त्याला मदत करते. अमोनियमरूपातले नत्र मातीतले जिवाणू नायट्रेटमध्ये बदलतात आणि हे घडताना आम्ल तयार होते. ते नायट्रेट गवताने घेण्याआधीच पावसाबरोबर खाली गेले, तर जाताना सोबत कॅल्शियम घेऊन जाते. एक किलो अमोनियम सल्फेटने निर्माण होणारी आम्लता मारण्यासाठी साधारण १.१ किलो शुद्ध चुनखडी लागते. तेवढेच नत्र युरियातून दिले, तर सुमारे तिसरा हिस्सा चुनखडी पुरते. मी दरवर्षी तीन वेळा अमोनियम सल्फेट देत होतो, म्हणजे मे महिन्यात टाकलेल्या चुन्यातला बराचसा भाग माझ्याच खताने खाऊन टाकला होता. ही समस्या दरवर्षी परत येण्याचे मूळ येथे आहे, आणि म्हणूनच चुना व खत यांचा विचार वेगवेगळा करता येत नाही.

दोन्ही एकाच दिवशी टाकल्यावर काय होते

शाळेच्या प्रयोगशाळेत नवसागर आणि विरलेला चुना एकत्र तापवून अमोनिया वायू तयार करण्याचा प्रयोग अनेकांना आठवत असेल. अंगणात ओल्या मातीवर विरलेला चुना आणि अमोनियमयुक्त खत एकत्र पडले की तीच क्रिया तापवण्याशिवाय, थोड्या मंद गतीने होते. मला आलेला वास त्याच वायूचा होता. युरियाच्या बाबतीत हा वास लगेच येत नाही, आणि म्हणून लोकांची फसगत होते. युरियाचे अमोनियमरूप होण्यास काही दिवस लागतात, त्या दिवसांत दाण्याभोवतीचा सामू मुळातच वाढलेला असतो, आणि वर चुन्याचा थर असला तर पुढच्या तीन-चार दिवसांत नत्र गुपचूप उडून जाते.

स्फुरदाचेही तसेच आहे. सिंगल सुपर फॉस्फेट किंवा मिश्रखत ताज्या चुन्याच्या संपर्कात आले, तर त्यातले पाण्यात विरघळणारे स्फुरद कॅल्शियमशी बांधले जाते आणि मुळांना सहजासहजी मिळत नाही. पोटॅशचे मात्र चुन्यामुळे असे थेट नुकसान होत नाही.

चुन्याबरोबर राखेचाही विचार करायला हवा. चुलीची किंवा बंबाची राख हिरवळीवर फेकण्याची आपल्याकडे सवय आहे आणि आम्ल मातीत ती चांगलीही आहे, परंतु लाकडाची राख हा सौम्य चुनाच आहे. ज्या दिवशी युरिया टाकाल, त्या आठवड्यात राख टाकू नये.

हातातला चुना कोणता, हे ओळखणे

वेळ ठरवण्याआधी हा प्रश्न सोडवलाच पाहिजे, कारण बाजारात ‘चुना’ या एका शब्दाखाली तीन निरनिराळ्या वस्तू मिळतात. कळीचा चुना पाण्यात टाकला की उकळतो. तो हिरवळीवर कधीही टाकू नये. कळी विरवून केलेला चुना, ज्याची कोरडी भुकटी फक्की म्हणून मैदानावर रेषा आखायला वापरतात, तो तीव्र असतो, काही दिवसांत काम करतो आणि पाती भाजू शकतो. तिसरी वस्तू म्हणजे न भाजलेल्या चुनखडीची किंवा डोलोमाइटची बारीक पूड. ती संथ असते, मातीत मुरून परिणाम दाखवायला कित्येक महिने घेते, आणि घरच्या हिरवळीसाठी तीच योग्य आहे. डोलोमाइटमध्ये मॅग्नेशियमही असल्यामुळे पावसाने धुतलेल्या कोकणच्या मातीत मी त्यालाच प्राधान्य देतो.

मैदानाच्या फक्कीच्या नावाने कधी विरलेला चुना मिळतो, तर कधी नुसती खडूची किंवा चुनखडीची पूड मिळते. यासाठी घरात एक उत्तम कसोटी आहे. बशीत चिमूटभर हळद आणि चमचाभर पाणी घेऊन त्यात ती भुकटी चमच्याने मिसळावी. कुंकवासारखा गडद लाल रंग आला, तर तो विरलेला चुना आहे. हळद पिवळी किंवा जेमतेम तांबूस राहिली, तर ती चुनखडीची पूड समजावी. भुकटी हाताने हाताळू नये, कारण ओल्या त्वचेला आणि विशेषतः डोळ्यांना विरल्या चुन्याने गंभीर इजा होते.

जिप्समविषयीही सांगितले पाहिजे, कारण कृषी सेवा केंद्रात चुना नसला की पुष्कळदा त्याऐवजी जिप्सम दिले जाते. जिप्सममधून कॅल्शियम आणि गंधक मिळते, पण त्याने सामू वाढत नाही. आम्लता कमी करण्यासाठी ते आणणे म्हणजे पैसे वाया घालवणे आहे.

वर्षाचे वेळापत्रक

मी आता ज्या क्रमाने काम करतो तो क्रम मोसमी पावसावर बेतलेला आहे आणि त्याची सुरुवात मे महिन्यात होत नाही. ती सप्टेंबरच्या शेवटी, मातीच्या नमुन्यापासून होते. पाऊस विरळ झाला की हिरवळीतल्या आठ-दहा जागी, वरचे गवत व काडीकचरा बाजूला करून, चार इंच खोलीपर्यंतची माती घ्यावी, ती एकत्र करावी, खडे काढून सावलीत सुकवावी आणि अर्धा किलो माती स्वच्छ कापडी पिशवीत भरून तपासणीला द्यावी. खताच्या रिकाम्या गोणीत नमुना ठेवू नये. हे काम शरद ऋतूतले खत टाकण्याआधी करायचे, कारण ताज्या खताने किंवा चुन्याने अहवाल बिघडतो. कृषी विभागाच्या मृद चाचणी प्रयोगशाळेत किंवा जवळच्या कृषी विज्ञान केंद्रात ही तपासणी होते. अहवालात सामू, विद्राव्य क्षार, सेंद्रिय कर्ब, स्फुरद आणि पालाश (पोटॅश) हे आकडे मिळतात. आपल्याला चुना लागतो की नाही, हे केवळ त्या पहिल्या आकड्यावरून ठरते. सामू ६ किंवा त्याहून अधिक असेल, तर त्या वर्षी चुना टाकूच नये.

नमुना दिल्यावर ऑक्टोबरच्या पहिल्या पंधरवड्यात, जमिनीला वाफसा असताना, म्हणजे माती ओलसर असून चिखल नसताना, खत द्यावे. पावसाने धुतलेल्या हिरवळीला त्या वेळी खरी भूक असते, हवेत ऊब असते, आणि टाकलेले नत्र वाहून नेणारा मोठा पाऊस बहुधा संपलेला असतो. माझ्या मते वर्षातले सर्वांत महत्त्वाचे खत हेच आहे, आणि नेमके तेच बहुतेकांकडून राहून जाते. १०० चौरस फुटांना ८० ते १०० ग्रॅम युरिया आणि सोबत ४० ग्रॅम म्युरेट ऑफ पोटॅश पुरते. खत कोरड्या पात्यांवर, सकाळी, दोन दिशांनी थोडे थोडे फेकावे आणि लगेच भरपूर पाणी द्यावे. नुसते शिंपडून भागत नाही. अर्धा इंच पाऊस पडावा इतके, म्हणजे १०० चौरस फुटांना शंभर लिटरहून थोडे अधिक पाणी द्यावे, म्हणजे युरिया मातीत उतरतो आणि चुना नसतानाही होणारी त्याची गळती थांबते.

यानंतर चार-पाच आठवडे थांबावे. तोपर्यंत गवताने ते नत्र उचललेले असते, तपासणीचा अहवाल हाती आलेला असतो आणि दिवाळी झालेली असते. मग नोव्हेंबरच्या मध्याला चुना टाकावा. त्या वेळी थंडीमुळे गवताची वाढ मंदावू लागते, त्यामुळे पुढचे दोन-तीन महिने खत द्यायचेच नसते, आणि चुन्याला मातीत मुरायला मोकळा काळ मिळतो. पाऊस नसल्याने तो वाहून जात नाही, आणि नियमित पाणी चालू असल्याने त्याची क्रिया थांबतही नाही. कोरड्या मातीत चुनखडी नुसती पडून राहते, म्हणून ही ओल महत्त्वाची आहे.

पुढचे खत फेब्रुवारीच्या उत्तरार्धात, हवा तापू लागल्यावर द्यावे. तोवर चुना टाकून तीन महिने झालेले असतात. एप्रिलमध्ये पाण्याची सोय असेल, तरच हलकी मात्रा द्यावी. टंचाईत खत देऊन गवताची तहान वाढवू नये. मे महिन्यात मी केवळ चाळलेले, पूर्ण कुजलेले शेणखत आणि रेती यांचा पातळ थर देतो.

जूनमध्ये मोसमी पाऊस सुरू होताना रासायनिक खत देण्याचा मोह टाळावा. पहिल्या सरींनी हिरवळ आपोआप हिरवी होते आणि त्या वेळी टाकलेला युरिया मुसळधार पावसात मुळांखाली निघून जातो. जुलै-ऑगस्टमध्ये गवत खरोखरच फिकट दिसले, तर दोन-तीन दिवसांची उघडीप पाहून १०० चौरस फुटांना ४०-५० ग्रॅम युरिया दहा लिटर पाण्यात विरघळवून झारीने द्यावा, आणि पंधरा दिवसांनी गरज असेल तर तेवढाच पुन्हा द्यावा. निंबोळी पेंड किंवा गांडूळखत या काळात अधिक टिकते, कारण त्यातले नत्र हळूहळू मोकळे होते.

मे महिना चुन्यासाठी का नको, असा प्रश्न शेतकरी कुटुंबातली माणसे नेहमी विचारतात, कारण शेतात चुना पेरणीच्या आधी दोन-तीन आठवडे टाकायची शिफारस असते. ती शिफारस शेतासाठी योग्यच आहे, कारण तेथे चुना नांगरटीबरोबर मातीत मिसळला जातो. हिरवळ नांगरता येत नाही. पृष्ठभागावर टाकलेली चुनखडी वर्षाला फार तर एक-दोन सेंटीमीटर खाली उतरते, आणि उतारावरच्या अंगणात पहिल्याच मोठ्या पावसात तिचा बराच भाग गटारात जातो. नोव्हेंबर हुकला आणि मातीचा सामू फारच कमी असला, तर एप्रिलच्या अखेरीस चुनखडीची पूड टाकून रोज पाणी देता येईल, परंतु मग जूनअखेरीपर्यंत खत देऊ नये.

टाकण्याची पद्धत आणि मात्रा

सामू ५ ते ५.५ असलेल्या मध्यम पोताच्या तांबड्या मातीत १०० चौरस फुटांना दीड ते दोन किलो चुनखडीची किंवा डोलोमाइटची पूड एका वेळी टाकावी. माती अधिक रेताड असेल, तर एक किलो पुरे. याहून अधिक गरज अहवालात दिसली, तरी ती एकाच वर्षी भागवू नये. उरलेली पुढच्या नोव्हेंबरला टाकावी. विरलेल्या चुन्याशिवाय दुसरे काही मिळतच नसेल, तर १०० चौरस फुटांना अर्ध्या किलोपेक्षा अधिक घेऊ नये, आणि खतापासूनचे अंतर दोन्ही बाजूंनी किमान सहा आठवडे ठेवावे. चुनखडीच्या पुडीच्या बाबतीत दोन आठवड्यांचे अंतरही चालते, कारण ती मुळात संथ आहे. मी अधिक अंतर ठेवतो, कारण बाजारात मिळालेल्या पुडीत थोडा तीव्र चुना मिसळलेला असू शकतो.

क्रमाबाबतही माझे मत ठाम आहे: आधी खत आणि नंतर चुना. पाणी दिलेले खत काही आठवड्यांत मातीतून गवतात जाते आणि संपते. चुना मात्र पृष्ठभागाजवळ महिनोन्‌महिने राहतो. आधी चुना टाकून मग पंधरा दिवसांनी युरिया दिला, तर तो युरिया सामू वाढलेल्या थरावरच पडतो.

टाकण्याच्या दिवशी गवत दीड इंचापर्यंत कापावे, दाताळ्याने कोरडा काडीकचरा ओढून काढावा आणि बागेच्या काट्याने दर चार इंचांवर तीन इंच खोल भोके पाडावीत. ६०० चौरस फुटांना हे काम मला दोन सकाळी पुरते, आणि ते टाळल्यास चुन्याचा अर्धा फायदा वर-वरच राहतो. पूड वजन करून दोन भाग करावे. एक भाग पूर्व-पश्चिम आणि दुसरा उत्तर-दक्षिण चालत टाकावा, म्हणजे पट्टे पडत नाहीत. वारा नसलेली वेळ निवडावी, नाक-डोळे झाकावेत, केरसुणीने पात्यांवरची पूड खाली झटकावी आणि मग सावकाश पाणी द्यावे. पात्यांवरचा पांढरेपणा धुऊन जाईपर्यंत मुलांना आणि पाळीव जनावरांना हिरवळीवर जाऊ देऊ नये. हिरवळीच्या कडेला अननस, अबोली किंवा आम्ल माती मानवणारी इतर झाडे असतील, तर त्यांच्या आळ्यापासून फूटभर अंतर सोडावे.

दोन्ही एकत्र टाकून झाले असतील तर

अशी चूक त्याच दिवशी लक्षात आली, तर पहिले काम भरपूर आणि सावकाश पाणी देण्याचे आहे. खत मातीत उतरले की मातीचे कण अमोनियम धरून ठेवतात आणि उडून जाणे बरेच कमी होते. ओघळ वाहील असे पाणी मात्र देऊ नये. पाती भाजून पांढरट-तपकिरी झाली असतील, तर ती आठ-दहा दिवस कापू नयेत. हरळीच्या गाठी आणि जमिनीखालचे धुमारे शाबूत असतात आणि त्यांतून नवी पाती येतात. गेलेल्या नत्राची भरपाई म्हणून लगेच दुसरे खत देऊ नये. चार आठवडे थांबून निम्मी मात्रा पाण्यातून द्यावी आणि त्या वर्षी चुन्याला पुन्हा हात लावू नये.

देशावरच्या हिरवळीला हा सल्ला लागू नाही

पुण्यातल्या माझ्या मावसभावाने आमच्या हिरवळीत झालेला फरक पाहून स्वतःच्या अंगणातही नोव्हेंबरमध्ये डोलोमाइट टाकले, आणि त्याची हिरवळ वसंतात अधिकच पिवळी झाली. चूक माझी होती. मी त्याला मातीविषयी विचारले नव्हते. बेसाल्टपासून झालेल्या काळ्या मातीत चुनखडी मुळातच असते, तिचा सामू बहुधा ७.५ ते ८.५ असतो, आणि कूपनलिकेचे जड पाणी त्यात भरच घालते. अशा मातीत चुना टाकला की लोह अधिकच अडकून पडते आणि नवी पाती हिरव्या शिरांसह पिवळी होतात.

तेथे तपासणीआधी एक साधी परीक्षा घेता येते. वाळलेल्या मातीचा चमचाभर चुरा बशीत घेऊन त्यावर व्हिनेगर ओतावे. बारीक बुडबुडे उठले, तर मातीत मोकळी चुनखडी आहे आणि तिला बाहेरून चुन्याचा कणही नको. बुडबुडे उठले नाहीत, म्हणून माती आम्ल आहे असे मात्र सिद्ध होत नाही. मातीच्या तांबड्या रंगावरही विसंबू नये: शहरात हिरवळीसाठी ट्रकने आणलेली लाल माती पुष्कळदा उदासीन असते, आणि याउलट महाबळेश्वर-पाचगणीच्या माथ्यावर, कोकणाबाहेर असूनही, जांभ्याची आम्ल माती आहे.

चुनखडीयुक्त मातीत युरियाऐवजी अमोनियम सल्फेट वापरणे योग्य ठरते, कारण जी आम्लता कोकणात नडते तीच तेथे उपयोगी पडते. ते टाकल्यावर लगेच पाणी देणे मात्र अनिवार्य आहे, कारण अशा मातीतूनही अमोनिया उडतो. मावसभावाच्या हिरवळीवर आम्ही लिटरभर पाण्यात पाच ग्रॅम हिराकस (लोह देणारे फेरस सल्फेट) आणि एक ग्रॅम लिंबूसत्व (सायट्रिक ॲसिड) घालून, उन्हे उतरल्यावर, पंधरा दिवसांच्या अंतराने तीन फवारण्या केल्या. नव्या पात्यांचा रंग पहिल्या फवारणीनंतरच सुधारला. हिराकशीचे डाग फरशीवर कायमचे बसतात, म्हणून पायवाट आधी ओली करून घ्यावी आणि नंतर लगेच धुवावी.

आमच्या अंगणात पहिल्या तपासणीत सामू ५.२ होता. नोव्हेंबरमध्ये दोन वेळा, दोन वर्षांत मिळून डोलोमाइट टाकल्यावर तो ५.९ झाला, आणि खत अमोनियम सल्फेटऐवजी युरियाचे केले. गेल्या श्रावणात गवत फिकट पडले नाही, म्हणून मी पावसाळ्यातली झारीची मात्राही दिली नाही. पुढचा नमुना या सप्टेंबरअखेरीस द्यायचा आहे. सामू ६ च्या वर आला, तर यंदाचा चुना गोणीतच राहील.